आधी गाऱ्हाणं नीट घाला, मग हेडफोन बदला

मालवणहून तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. सहा वर्षं सेनहायझर एचडी ६५० वापरताय, लॅपटॉपला यूएसबीचा छोटा डोंगल लावून, म्हणजे लॅपटॉपचा आवाज हेडफोनला पोचवणारी ती बारकी डबी. ऐकणं म्हणजे शास्त्रीय गायन, जुनी नाट्यपदं आणि अधूनमधून डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजनं. चष्मा आहे. हाताशी दीड लाख आहेत. सेनहायझर एचडी ८०० एस, हायफायमॅन आर्या, फोकल क्लिअर एमजी आणि ऑडीझी एलसीडी-एक्स या चौघांत जीव अडकलाय, आणि आपल्या भागात यातलं काही ऐकून बघायची सोय नाही. तर कुठला घेऊ?

मी कुडाळात पंचवीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम करतोय. दशावतार, भजनं, सनई-चौघडा, निवडणूक आली की प्रचाराची गाणीसुद्धा. या चौघांपैकी तीन हेडफोन माझ्या डोक्यावर कित्येक महिने बसलेत, चौथा एका मित्राकडून आठवडाभर आणला होता. त्यामुळे चौघांबद्दल सांगायला अडचण नाही. पण तुमचा सगळा मजकूर दोनदा वाचला आणि त्यात ६५० बद्दल तक्रार अशी एकही सापडली नाही. ‘आता पुढची पायरी घ्यावी असं वाटतंय’ एवढंच आहे.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं कसं घालतात ते तुम्हाला सांगायला नको. ‘सगळ्यांचं बरं कर’ हे शेवटी येतं. त्याआधी कोणाच्या घरचं काय अडलंय, कोणाचा मुलगा कुठे गेलाय, हे नावानिशी सांगितलं जातं, आणि मगच बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दीड लाखाच्या हेडफोनपुढेही असंच नावानिशी गाऱ्हाणं घालावं लागतं, कारण या चौघांतला प्रत्येक जण एखादीच गोष्ट फार छान करतो. ती तुम्हाला नको असेल तर पैसे गेले.

त्याहीआधी एक शंका. सहा वर्षांत कानांवरचे पॅड बदललेत का? मालवणच्या हवेत, घामात, सहा वर्षं. बहुतेक नसतील. हेडफोन घाला आणि कानाची पाळी आतल्या स्पंजच्या चकतीला टेकते का ते बघा. टेकत असेल तर पॅड दबून बसलेत. पॅड दबला की कान ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाच्या, जवळ जातो आणि आवाजाचा तोलच बदलतो. तो इतका हळूहळू बदलतो की माणसाला कळत नाही, हेडफोनच जुना झाला असं वाटतं. माझंच झालंय. एका भजन मंडळाचं मिक्सिंग चालू होतं, तीन आठवडे पेटी मला बोचरी वाटत होती, मी पेटीवाल्याला दोष देत होतो. शेवटी नवे पॅड चढवले आणि पेटी जागेवर आली. पेटीवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

पॅड काढाल तेव्हा ड्रायव्हरसमोरची ती काळी पातळ स्पंजची चकतीही बघून घ्या. बोटाला भुकटी लागली तर तीही बदला. आणि कपातली केबलची दोन पिनांची टोकं बाहेर ओढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खाऱ्या हवेत त्यांच्यावर थर बसतो, मग एक बाजू बारीक होते, मधेच खरखरते, आणि लोक ड्रायव्हर गेला म्हणून हळहळतात. ६५० चा सगळ्यात मोठा गुण माझ्या लेखी हाच, की तो २००३ साली आला आणि आजही त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो, स्क्रूड्रायव्हर न लावता बदलता येतो.

हे झालं की महिनाभर काही विकत घेऊ नका. एक वही घ्या. रोज ऐकता तेच ऐका, आणि जिथे मन खट्टू होतं तिथे मिनिट-सेकंद लिहा आणि काय खटकलं ते एका ओळीत लिहा. ‘डिटेल कमी’ असलं लिहायचं नाही. ‘पखवाजाची धुमेची (डावी) बाजू नुसती टप वाजते, घुमत नाही’ असं लिहायचं. ‘दोन तानपुरे आहेत पण एकच ऐकू येतो’ असं लिहायचं.

पखवाजाचंच घेऊ, कारण डबलबारी ऐकणाऱ्याला हे खटकणारच. डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात ती आवाज खाली उतरवायला. बुवा गजर चढवतो आणि पखवाजी धुमेवर हात पसरून मारतो, तेव्हा जो घुमारा पोटात जाणवतो त्याचा बराच भाग शंभर हर्ट्झच्या खालचा असतो. ६५० उघड्या पाठीचा, म्हणजे कपाला मागे जाळी असलेला, आणि साध्या कॉइलवाल्या ड्रायव्हरचा आहे. असे हेडफोन साधारण साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली उतरू लागतात. त्यामुळे थाप ऐकू येते, थापेमागची खोली येत नाही.

यावर दीड लाखाच्या आधी एक फुकटचा उपाय आहे. लॅपटॉप विंडोजचा असेल तर इक्वलायझर एपीओ नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका. ८० हर्ट्झच्या खालचा सगळा पट्टा ४ डेसिबलने उचला आणि एकूण आवाज तेवढाच, ४ डेसिबलने, खाली घ्या, नाहीतर जोरकस थापेला आवाज फाटेल. आठवडाभर असं ऐका. समाधान झालं तर तुमचे दीड लाख वाचले, मला एक कोंबडी-वडे द्या. झालं नाही, म्हणजे खालचा आवाज वाढला पण गढूळ झाला असं वाटलं, तर वहीत पहिली खरी नोंद झाली. ६५० चा ड्रायव्हर तळात फार जोर लावला की स्वच्छ राहत नाही, आणि तिथे प्लेनर खरोखर वेगळा आहे.

प्लेनर म्हणजे आर्या आणि एलसीडी-एक्स. साध्या ड्रायव्हरमध्ये पडद्याला मधोमध कॉइल चिकटवलेली असते, ती ढकलते आणि पडदा हलतो. प्लेनरमध्ये अत्यंत पातळ पडद्यावर तारेची नक्षीच पसरलेली असते आणि पडद्याला लागून चुंबकांच्या पट्ट्या, त्यामुळे सगळा पडदा एकदम पुढेमागे होतो. कानाभोवती पॅड नीट बसला तर खालचा आवाज पार तळापर्यंत न खचता जातो. ‘नीट बसला तर’ हे तुम्ही चष्मेवाले म्हणून लक्षात ठेवा. काडी जाड असेल तर पॅड आणि कानशील यांत फट राहते आणि ज्यासाठी पैसे मोजले तो तळच गळून जातो. पातळ काडीची फ्रेम हजार-दोन हजारांत होते. मी तीच केली.

चुंबकांची किंमत मान भरते. ६५० चं वजन २६० ग्रॅम, ८०० एस ३३०, आर्या चारशेच्या आसपास, क्लिअर एमजी ४५०, आणि एलसीडी-एक्स ६१२. सहाशे बारा ग्रॅम डोक्यावर घेऊन ख्याल ऐकायचा? विलंबित संपेपर्यंत मान दुखायला लागते. माझ्याकडे तो आठवडाभर होता, आवाज मला फार आवडला, पखवाज जणू खोलीत आला होता, आणि तरीही परत देताना हलकं वाटलं, अगदी शब्दशः. मिक्सिंग करणाऱ्याने जरूर घ्यावा. आरामखुर्चीत बसून ऐकणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. तुमच्या यादीतून तो खोडा.

आता दुसरं गाऱ्हाणं, जागेचं. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गायक मधे, मागे दोन तानपुरे, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तबला, समोर लोक. ६५० वर हे सगळं जरा दाटीवाटीने बसतं, देवळाच्या छोट्या सभामंडपात बसावं तसं. एचडी ८०० एस हा यावरचा उतारा आहे. त्याचा ५६ मिलिमीटरचा ड्रायव्हर कानापासून लांब आणि तिरका बसवलाय, कप भलेमोठे आहेत, त्यामुळे आवाज डोक्याच्या आत न येता जरा बाहेर, पुढच्या बाजूला उभा राहतो. चांगल्या मुद्रणात दोन तानपुऱ्यांच्या जवारीतला फरक बोट ठेवून दाखवता येतो. समोरच्या रांगेतला म्हातारा कुठे खोकला तेही.

मूळ ८०० आला २००९ साली, आणि त्याला सहा हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक होतं, झांज आणि ‘स’, ‘श’ टोचायचे. २०१६ च्या एस मध्ये ते टोक दाबायला कपात खास व्यवस्था केली. बरंच सुधारलं. पण डबलबारीत झांज ऐन भरात आली की एस अजूनही दयामाया दाखवत नाही. झांज हे वाद्यच तसं, हे खरं. तरी ६५० तिला मवाळ करून ऐकवतो आणि तुमचे कान सहा वर्षं त्या मवाळपणाला सोकावलेत.

त्या मवाळपणाने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलंय. एका जत्रेतला रात्रीचा दशावतार मुद्रित केला, दोन रात्री ६५० वर बसून मिक्स केला, झांज मला बेताची वाटली म्हणून वर घेतली. मंडळाच्या मालकाने तो गाडीत लावला आणि पहिल्याच प्रवेशात हात पुढे करून बंद केला. काही बोलला नाही बिचारा. तेव्हापासून शेवटचा हात मी दुसऱ्या हेडफोनवर आणि स्वस्तातल्या स्पीकरवर फिरवतो. तुम्हाला मिक्सिंग करायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे, तेव्हा हा दोष तुमच्यासाठी दोष नाहीच.

आणि नाट्यपदं? इथे जरा कटू बोलतो. १९२५ च्या आधीच्या तबकड्या भोंग्यात तोंड घालून गायलेल्या, विजेचा मायक्रोफोन त्यानंतरचा. त्या मुद्रणात वरचा पट्टा काही हजार हर्ट्झवर संपतो आणि तळ मुळात नाहीच. नंतरच्या ७८ च्या तबकड्या सुधारल्या, पण त्याही एकाच चॅनलच्या, आवाज येणार तो डोक्याच्या मध्यातूनच. ८०० एस घातल्याने रंगमंच रुंद होणार नाही, सुईची खरखर मात्र अधिक ठळक होईल. त्या गाण्यांसाठी ६५० हा तुमच्या यादीतल्या कुठल्याही हेडफोनपेक्षा चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे काहीही घेतलंत तरी ६५० विकू नका.

तिसरं गाऱ्हाणं ठोक्याचं. तबल्याची चाट कानावर पडते पण बोट उठल्याचं जाणवत नाही, सगळं जरा लोकरीत गुंडाळल्यासारखं. ही तक्रार असेल तर क्लिअर एमजी. त्याचा पडदा मॅग्नेशियमचा, घुमटाच्या आकाराचा, स्पीकरसारखा. हलक्या आवाजात ऐकतानाही ठोका जिवंत राहतो, हे मला त्याचं फार आवडतं, कारण रात्री अकरानंतर मी हळूच ऐकतो. जागा मात्र तो ८०० एस इतकी देत नाही. पॅडही महाग, आणि त्याचं कापड घाम पितं. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता ॲम्पचं, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या यंत्राचं. तुमचा डोंगल या चौघांना पुरेल का, हे कंपनीच्या आकड्यांवरूनच काढता येतं. मी ११० डेसिबलचे क्षणिक उंच ठोके धरतो, ऐकण्याची सरासरी त्याच्या कितीतरी खाली हवी. ६५० ला १ व्होल्टला १०३ डेसिबल मिळतात, म्हणजे ११० साठी सव्वादोन व्होल्ट. ८०० एस ला अडीच. क्लिअरला अर्ध्या व्होल्टहून कमी, एलसीडी-एक्सला त्याहून कमी, साधारण ०.३२. आर्याचं प्रकरण वेगळं: ३२ ओहम, १ मिलिवॉटला ९४ डेसिबल, म्हणजे ११० साठी ४० मिलिवॉट लागतात. व्होल्ट जेमतेम १.१, पण करंट ३५ मिलिअँपिअर. साध्या डोंगलला व्होल्ट जमतात, करंट देताना तो धापा टाकतो. तात्पर्य एवढंच, की क्लिअर तुमच्या आहे त्याच डोंगलवर मजेत चालेल, ८०० एस ला २ व्होल्ट देणारा डोंगल बहुतेकांना पुरेल, आणि आर्या घेतलात तर ॲम्पचे पैसे दीड लाखातूनच बाजूला काढावे लागतील.

कुणी तरी ट्यूब ॲम्प सुचवेलच. त्यातल्या काहींचा स्वतःचा अवरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, शंभर ओहमच्या पुढे असतो. ६५० चा अवरोध कागदावर ३००, पण खालच्या सुरांत तो पाचशेच्या आसपास चढतो. १२० ओहमच्या ॲम्पवर हिशेब केला तर खालचा आवाज सुमारे १ डेसिबलने फुगतो. त्यालाच लोक ‘ट्यूबची ऊब’ म्हणतात. तीच ऊब इक्वलायझरमध्ये फुकट मिळते, मात्र काचेच्या नळीचा तांबूस उजेड मिळत नाही, आणि तो पावसाळी रात्री सुंदर दिसतो हे मान्य. प्लेनरवर हा खेळ चालत नाही, त्यांचा अवरोध सगळीकडे जवळजवळ सारखाच.

महागड्या केबलींबद्दल विचारू नका. पन्नास तास वाजवून ‘मुरवण्या’बद्दलही नको. मुरतात ते कान.

ऐकून कुठे बघायचं? मुंबई. रात्री कुडाळला कोकणकन्या पकडलीत की पहाटे सीएसएमटी, आणि इथेच लोक चुकतात. रात्रभर रुळांचा खडखडाट ऐकलेले कान घेऊन दुकान उघडताच आत शिरतात. थकलेल्या कानाला चकचकीत आवाज बरा वाटतो आणि मग घरी आल्यावर तोच टोचतो. दुपारपर्यंत थांबा. कुठे तरी शांत बसा, मुंबईत शांत जागा सापडली तर.

सोबत तुमचा ६५० न्या, तुमचा डोंगल, आणि पेनड्राइव्हवर तुमची चार मुद्रणं: एक मैफल, एक डबलबारी, एक जुनं नाट्यपद, आणि एक असं की जे तुम्हाला तोंडपाठ आहे. दुकानातलं गाणं लावू देऊ नका. ते हेडफोन विकण्यासाठी निवडलेलं असतं, त्यात सगळेच हेडफोन छान वाटतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाजाची पातळी. दोन हेडफोनांत एक-दोन डेसिबलचा जरी फरक असला तरी मोठा वाजणारा ‘चांगला’ वाटतो, आणि तो मोठा वाजतोय हे लक्षातही येत नाही. माझी युक्ती अशी. एक निरुपयोगी सीडी घ्या. हेडफोनचा पॅड सीडीवर सपाट टेकवा, भोकाच्या दुसऱ्या बाजूला फोनचा माइक धरा, फोनवर डेसिबल मोजणारं कुठलंही ॲप चालू करा, आणि हेडफोनमधून पिंक नॉइज वाजवा, म्हणजे पाऊस पडल्यासारखा एकसारखा आवाज. आधी तुमचा ६५० नेहमीच्या आवाजावर ठेवून आकडा लिहा, मग दुसरा हेडफोन त्याच आकड्यावर आणा. आकडा खरा किती हे सोडा, दोन्हींचा सारखा हवा. कप मोठे असतील तर सीडीच्या कडेला फट राहते, तिथे जाड पुठ्ठ्याला भोक पाडून न्या. दुकानदार हसेल. माझ्याकडे बघून हसला होता. मग त्यानेच सीडी मागून घेतली.

एका दिवसात दोन, फार तर तीन हेडफोन. प्रत्येकावर वीस मिनिटं, आणि दर वेळी परत ६५० चढवायचा. नवा चढवल्यावर काय मिळालं याकडे माझं फारसं लक्ष नसतं. नवं सगळंच पहिली पाच मिनिटं छान वाटतं. परत जुना चढवल्यावर काय हरवलं, ते वहीत लिहा. काहीच हरवलं नसेल तर जेवा, समुद्रावर फिरा आणि रात्रीच्या गाडीने परत या.

दुकानातली खोली वातानुकूलित आणि बंद असते हेही ध्यानात असू द्या. तुमच्या यादीतले चारही हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. घरी पंखा लागणार, आणि जाळीवरून वारा गेला की तो ऐकू येतो. जूनला पाऊस सुरू झाला आणि घरावर पत्रा असेल तर विलंबित विसरा, तराणासुद्धा ऐकू येणार नाही. कौलांवर जरा बरं. म्हणजे वर्षाचे चार महिने दीड लाखाची वस्तू डब्यात. त्या चार महिन्यांसाठी बंद पाठीचा एखादा साधा हेडफोन दहा-बारा हजारांत घ्या, स्टुडिओत वापरतात तसला. आणि पाऊस वरचढ होतो म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा धरा.

डब्यात म्हणालो ते अक्षरशः. फोटोवाले लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ड्राय बॉक्स वापरतात तोच आणा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा आणि सिलिका जेल एवढ्यानेही भागतं, गोळ्यांचा रंग बदलला की त्या गरम करून परत टाकायच्या. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कोंडा जाळीतून आत जातो. चामड्यासारखे दिसणारे पॅड खरं तर प्लास्टिकचा लेप असतो आणि दोन पावसाळ्यांत तो सोलवटतो, कानावर काळे कण चिकटतात. पॅडचा दुसरा जोड हेडफोनबरोबरच मागवून ठेवा.

आणि किनाऱ्यावर नेऊ नका. लहानपणी आपण लोहचुंबक वाळूत फिरवून काळी रेती गोळा करायचो, आठवतं? हेडफोनमध्ये त्यापेक्षा किती तरी जोरकस चुंबक असतात. अंगणातल्या झोपाळ्यावर ठेवायचा असेल तरी कापडाच्या पिशवीत.

इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या भाराने पडदा हलवणाऱ्या हेडफोनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एकदा हा नाद लागला की स्टॅक्स कंपनीचं नाव कानावर येतंच. त्यांच्या पडद्यावर ५८० व्होल्टचा भार कायम ठेवावा लागतो. दमट हवेत तो झिरपतो आणि एक बाजू बारीक होते. लाटांचा आवाज ऐकू येईल अशा घरात मी तो ठेवणार नाही.

विकत घेताना बिल भारतातलं घ्या. मी एकदा परदेशातल्या विक्रेत्याकडून वीस हजार वाचवून एक हेडफोन मागवला. आठव्या महिन्यात डावी बाजू गेली. जायचा-यायचा खर्च माझा, वर कस्टमची कागदपत्रं, आणि हेडफोन हातात पडेपर्यंत पाच महिने. वाचलेल्या विसातले तीन उरले.

तर कुठला? यादीतून एलसीडी-एक्स मी खोडलाच आहे. वहीत पखवाज आला आणि इक्वलायझरने भागलं नाही तर आर्या आणि बरोबर बेताचा ॲम्प. तानपुरे आणि मैफलीची जागा आली तर ८०० एस, भजनांना मात्र ६५०. ठोका आला, आणि रात्री हळू ऐकायची सवय असेल, तर क्लिअर. तुमच्या मजकुरावरून अंदाज बांधायचा तर मला वाटतं वहीत मैफलच येईल आणि तुम्ही ८०० एस पाशी थांबाल. पण हा माझा अंदाज झाला. वही कोरी राहिली तर नवे पॅड, पातळ काडीचा चष्मा आणि ड्राय बॉक्स, दहा हजारांच्या आत काम.

८०० एस आणि आर्या सध्या माझ्याकडे आहेत. वही भरली की एखाद्या रविवारी सकाळी कुडाळला या, मालवणहून तासाभराचा रस्ता आहे. ६५० आणि डोंगल घेऊन या, सीडी माझ्याकडे आहे. पंखा बंद ठेवावा लागेल, तेव्हा सुती सदरा घालून या.